निस्तार आणि वाघ

जुन्या मध्यप्रांतातून महाराष्ट्रात आलेल्या जिल्ह्यांच्या महसुली दप्तरात दोन कागद आढळतात. एक निस्तारपत्रक आणि दुसरा वाजिब-उल-अर्ज. गावाभोवतालच्या रानातून चुलीसाठी जळण, नांगर-वखरासाठी लाकूड, छपरासाठी बांबू आणि गवत कोणी कोणत्या शर्तीवर आणावे, कोणाची गुरे कोठवर चरावीत, याची नोंद पहिल्यात असते. पाण्याच्या पाटाचा, पायवाटेचा आणि मासेमारीचा गावरिवाज दुसऱ्यात लिहिलेला असतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात १६१ व्या आणि १६५ व्या कलमांत हे दोन्ही कागद आजही नावानिशी शिल्लक आहेत. परंतु चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत, जेथे रानावाचून खेड्याचा एक दिवसही जात नाही, तेथे या कागदांचा उल्लेख वनखात्याच्या आणि खाणींच्या व्यवहारात क्वचितच होतो. वाघ आणि माणूस यांच्या वैराची म्हणून जी हकीकत प्रत्येक उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून छापली जाते, तिच्या मुळाशी मला ही विस्मृती दिसते.

मालगुजारीच्या काळात गावरान मालगुजाराच्या, म्हणजे सारावसुली करणाऱ्या गावमालकाच्या, नावावर असे, हे खरे. आणि त्या व्यवस्थेत जुलूमही पुष्कळ होता. तरीही रयतेचा निस्तार हा मालगुजाराच्या मर्जीचा विषय नसून दप्तरात नोंदलेला हक्क होता, आणि ज्याला हक्क आहे त्याला रानाचे बरे-वाईट पाहण्याचे कारणही होते. १९५१ साली तेव्हाच्या मध्यप्रदेशातील मालगुजारी संपुष्टात आली, जमीनदारी जाचातून रयत सुटली, आणि त्याच कायद्याने मालगुजारांची जंगले व तलाव सरकारजमा झाले. तलावांचे काय झाले ते पूर्व विदर्भात कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने आणि इतर कसबी लोकांनी बांधलेले हे हजारो तलाव आज ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखले जातात. त्यांतील किती तरी गाळाने भरले, कित्येकांच्या पाळी फुटल्या, कारण ज्या गावाने पूर्वी पाळीवर माती टाकली ते गाव आता तलाव सरकारचा म्हणून अर्ज करू लागले आणि सरकारपाशी इतक्या तलावांवर माती टाकायला हात नव्हते. जंगलाचेही तेच झाले. फरक इतकाच की तलाव आटला की त्याच वर्षी दिसतो, आणि रानातून गावाचे मन उठले तर ते कळायला एक पिढी जाते.

या रानाखाली कोळसा आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यात, घुग्घुस, माजरी, दुर्गापूर, पद्मापूर, बल्लारपूर या पट्ट्यात, जमिनीच्या पोटात कोळशाचे थर आणि पाठीवर साग, मोह, तेंदू, ऐन आणि बांबू, अशी सृष्टीची मांडणी आहे, आणि एक हवे असेल तर दुसरे खरवडून काढावे लागते. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. मुंबई-पुण्याच्या घरात संध्याकाळी जो दिवा लागतो त्यात या जिल्ह्याच्या कोळशाचा वाटा आहे, ही गोष्ट त्या दिव्याखाली बसून वाघांविषयी वाचणाऱ्या वाचकाने विसरू नये. वीजकेंद्राला पाणी लागते ते इरई धरणाचे, आणि इरईचा जलाशय पसरला आहे तो ताडोबाच्या जंगलाच्या कडेला. २०१० च्या उन्हाळ्यात धरणात पाणी उरले नाही तेव्हा वीजकेंद्र बंद ठेवण्याची पाळी आली होती. विकासाची बाजू मांडणारे जंगलाला अडथळा म्हणतात तेव्हा मला त्या उन्हाळ्याची आठवण होते; इरईच्या पाणलोटात जे झाड उभे आहे ते पाणी अडवून, मुरवून, संथपणे सोडून वीजनिर्मितीचेच काम करीत असते, आणि त्याची मजुरी कोणत्याही ताळेबंदात मांडलेली नसते.

ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले, अवघ्या ११६ चौरस किलोमीटरांचे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजत मेला आणि त्याचाच ताडोबा देव झाला, अशी तेथली आख्यायिका आहे. तलावाच्या काठी त्याचे स्थान आहे आणि पौषात तेथे आदिवासी जमतात. १९८६ मध्ये त्याला लागून अंधारी अभयारण्य जाहीर झाले, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २०१० साली भोवताली अकराशे चौरस किलोमीटरांचे बफर क्षेत्र आखले गेले. या मेहनतीला यश आले, हे निःसंकोच सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. वनरक्षकांनी उन्हात-पावसात नियतक्षेत्रे पायी तुडवली, पाणवठे राखले, शिकाऱ्यांचे फासे काढले, त्याचे हे फळ आहे, आणि ज्यांनी ते मिळवले त्यांच्याविषयी मला अतीव आदर आहे. परंतु वयात आलेला वाघ आईच्या हद्दीत राहत नाही. त्याला स्वतःची हद्द लागते, आणि गाभाक्षेत्र भरले की तो बाहेर पडतो. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण नर २०१९ मध्ये शेते, ओढे आणि महामार्ग ओलांडीत काही महिन्यांत तेराशे किलोमीटरांहून अधिक चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. बहुतेक वाघ मात्र इतके दूर जात नाहीत. ते ताडोबातून उतरतात आणि ब्रह्मपुरी वनविभागात, धानाच्या बांध्यांच्या, मामा तलावांच्या आणि गावागावांतल्या झुडपी जंगलाच्या मधोमध, ठाण मांडतात. ब्रह्मपुरी हे अभयारण्य नाही, राष्ट्रीय उद्यान नाही. तेथे वाघाला आणि माणसाला एकच ओढा, एकच पायवाट आणि एकच सावली वाट्याला आलेली आहे.

या ठिकाणी तेंदूच्या हंगामाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सारा प्रश्न त्या थोड्याशा दिवसांत एकवटतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे टोपली घेऊन बायका-मुले झाडाखाली जातात आणि फुले वेचतात, आणि फूल दिसावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पुष्कळदा पेटवून दिला जातो. मोह संपत आला की तेंदू सुरू होतो. त्याआधी ठेकेदाराची माणसे झुडपांची खुटकटाई करतात, म्हणजे ती बुडाशी छाटतात, की नवी पालवी एकसारखी, मऊ आणि मोठ्या पानांची यावी. जमिनीलगत आग फिरली तर पालवी अधिक जोमाने फुटते असा समज असल्यामुळे येथेही वणवा लावला जातो. एप्रिलअखेर आणि मे महिन्यात, पाऊस किंवा गारपीट येऊन पान डागाळण्यापूर्वी, तोडणी आटोपावी लागते. कुटुंबेच्या कुटुंबे उजाडण्यापूर्वी रानात शिरतात, कारण ऊन चढले की पान मलूल होते आणि माणूसही. झुडूप कंबरेइतके असल्यामुळे तोडणारी बाई दिवसभर वाकलेली किंवा बसलेली असते, आणि जेथे कोणी आधी तोडले नाही असे झुडूप शोधीत ती आपल्या सोबतिणींपासून नकळत लांब जाते. घरी आल्यावर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, सांज होण्याच्या आत फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, न्यायचे, तेथे मुनशीने मोजून घ्यायचे आणि ओळीने वाळत मांडायचे. असे हजार पुडे मिळून एक मानक गोणी होते. मेच्या अखेरीस हाती आलेल्या या पैशातून धानाचे बियाणे घेतले जाते, सावकाराची उधारी फिटते, शाळा उघडण्याआधीची खरेदी होते. वर्षभरात इतका रोख पैसा एकदम घरात येण्याचा दुसरा प्रसंग या कोरडवाहू कुटुंबांना बहुधा नसतो.

आणि नेमक्या याच दिवसांत ओढे आटलेले असतात, वाघीण पिले घेऊन उरलेल्या पाण्याजवळच्या गर्द झुडपांत असते, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात तिला वाकलेली माणसाची आकृती दोन पायांवर चालणारा प्राणी म्हणून ओळखू येत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडणाऱ्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. असे मृत्यू चंद्रपूर जिल्ह्याला नवे नाहीत. गुराखी, सरपण आणणाऱ्या बायका, जागलीवर गेलेले शेतकरी असे मरण पावले आहेत, आणि त्यांच्यात जमीनदार, ठेकेदार किंवा अधिकारी जवळजवळ कोणीच नाही. राज्यसरकारने २०२३ मध्ये मृताच्या वारसांना द्यावयाची मदत २५ लाख रुपयांपर्यंत वाढवली. ही रक्कम लहान नाही आणि ती वेळेवर मिळणे अत्यंत आवश्यक आहे. पण मृत्यूनंतरच्या मदतीचा तपशील जितक्या काटेकोरपणे ठरवला गेला, तितक्या काटेकोरपणे त्या पहाटे रानाच्या त्या कक्षात कोणी जाऊ नये म्हणून कोणाला काय मिळेल, हे अद्याप ठरलेले नाही.

वाघाचाही जीव जातो. रानडुकरे आणि रोही उभ्या धानाची आणि तुरीची नासाडी करतात. रात्रीमागून रात्र मचाणावर जागून थकलेला शेतकरी धुऱ्यावर तार ओढून तिच्यात विजेचा प्रवाह सोडतो, आणि डुकरासाठी लावलेल्या तारेला वाघ चिकटतो. हा गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा आहे. परंतु पिकाच्या भरपाईचा पंचनामा किती दिवसांनी झाला, हेही त्या गुन्ह्याच्या मिसलीत नोंदले गेले पाहिजे. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून २०१५ पासून व्याघ्रप्रकल्पांलगतच्या गावांना गॅसजोडण्या आणि सौर कुंपणासारखी मदत मिळू लागली. सौर कुंपणाचा झटका जनावराला परतवतो, मारीत नाही, आणि ज्या शेतकऱ्याला ते मिळाले त्याची झोप परत आली. ब्रह्मपुरी विभागातील व्याघ्रप्रकल्पाबाहेरच्या गावांनाही याच निकडीने ते मिळायला हवे, कारण वाघाला प्रकल्पाच्या नकाशातील रेघ दिसत नाही.

कोळशाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडली आहे, जिचा विचार खाणीचे परवाने देणाऱ्यांनी फारसा केला नव्हता. खुल्या खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात, त्यांवर विलायती बाभळीचे काटेरी रान माजते, आणि त्या रानात रानडुकरे येतात, डुकरांमागे बिबटे आणि वाघ. दुर्गापूर आणि वीजकेंद्राचा परिसर अशा रीतीने वन्य प्राण्यांचे ठिकाण बनला. २०२२ च्या फेब्रुवारीत तेथे एक कामगार आणि एक मुलगा लागोपाठ हल्ल्यांत दगावले. खाणीने जंगल हटवले की वाघाचा प्रश्न संपतो, ही समजूत येथे मोडून पडली. खाण संपल्यावर माती परत भरून त्या जागेवर मूळ रान उभे करण्याची शर्त कागदावर असते, आणि ती पाळली जाते की नाही हे तपासण्याचा अधिकार शेजारच्या गावाला असता तर ते काम कोणत्याही दूरच्या कार्यालयापेक्षा अधिक दक्षतेने झाले असते, असे माझे मत आहे.

मी खाणींचा सरसकट विरोधक नाही. या जिल्ह्यातील हजारो घरांची चूल कोळशाच्या पगारावर पेटते आणि त्यांना उद्या सकाळी दुसरा धंदा दाखवता येणार नाही. परंतु सगळीच जमीन खोदण्याजोगी नसते, आणि हे म्हणण्याचे धैर्य शासनाने एकदा दाखवले आहे. ताडोबाला लागून असलेल्या लोहारा येथील कोळसा खाणीचा प्रस्ताव केंद्रीय पर्यावरण खात्याने २००९ साली फेटाळला, कारण ती खाण ताडोबाच्या वाघांची बाहेर पडण्याची वाट कायमची बंद करणारी होती. त्या निर्णयाने जिल्ह्याचा विकास थांबला नाही. तसेच नागपूर-शिवनी मार्गावर पेंचच्या जंगलातून महामार्ग क्रमांक ४४ चौपदरी होत असताना, न्यायालयीन लढ्यानंतर का होईना, प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल बांधले गेले, त्यांतील सर्वात रुंद साडेसातशे मीटरांचा; वर मोटारी धावतात आणि खालून वाघ, रानकुत्रे, चितळ जातात, हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. याउलट चांदा फोर्ट ते गोंदिया या रेल्वेमार्गावर, जो ताडोबाच्या वाघांच्या वाटा कापीत जातो, २०१८ च्या नोव्हेंबरात जुनोन्याजवळ तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. पहिल्या ठिकाणी प्राण्याच्या वाटेचा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकात धरला गेला, दुसऱ्या ठिकाणी तो कोणाच्याच नावावर पडला नाही.

गाभाक्षेत्रातील गावांच्या पुनर्वसनाविषयी थोडक्यात सांगतो. बोटेझरी आणि कोळसा गावातील काही कुटुंबे २००७ मध्ये मूल तालुक्यात भगवानपूरला वसवली गेली आणि पुढील काळात इतर गावेही हलली. दवाखाना, शाळा आणि रस्ता हवा म्हणून ज्यांनी स्वतः मागणी केली त्यांना कोणी थांबवू नये. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने आधी हक्क नोंदवून आणि ग्रामसभेची संमती घेऊनच गाव हलवता येते, आणि ही पायरी गाळून झालेले कोणतेही पुनर्वसन ऐच्छिक म्हणवून घेण्यास पात्र नाही.

आता ज्या दोन गावांमुळे मला या प्रश्नाची उकल शक्य वाटते त्यांच्याकडे वळतो. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे पाचशेच्या आसपास वस्तीचे गोंड गाव. गावातील कामे सर्वसहमतीने करायची आणि कोणताही विषय आधी अभ्यासगटात समजून घ्यायचा, अशी शिस्त या गावाने दीर्घकाळ पाळली. त्यांच्या रानातला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद गिरणीला जात असे, आणि गावकऱ्याने टोपलीसाठी एक काठी तोडली तर तो गुन्हेगार ठरे. कारण १९२७ च्या वनकायद्यात बांबू हा झाडांत मोडत होता. वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातले, २००९ मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना द्यायला वनखाते तयार होईना. अखेर २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. सहा दशकांपूर्वी मालगुजारीबरोबर जो निस्तार सरकारी मेहेरबानी बनला होता, तो त्या दिवशी पुन्हा हक्काच्या रकान्यात आला. १९२७ च्या कायद्यातील बांबूचे झाडपण २०१७ साली दुरुस्तीने काढून टाकले गेले.

दुसरे गाव पाचगाव, चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातले. त्याला २०१२ मध्ये १००६ हेक्टरांचा सामूहिक हक्क मिळाला. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाविषयी आवर्जून लिहिले आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. हक्क हाती येताच पाचगावाने सभा घेऊन स्वतःसाठी नियम केले. बांबूची तोड कशी करायची, गस्त कोणी घालायची, मजुरी किती द्यायची हे ठरवले. आणि ३४ हेक्टरांचे देवाचे रान पूर्णपणे राखून ठेवले, तेथून काहीही आणायचे नाही असा निर्णय केला. त्याहून मोठा निर्णय तेंदूचा. पाने तोडण्यासाठी झुडपे छाटावी लागतात, आग लावली जाते, आणि मग तेंदूला फळ धरत नाही. ते फळ माणसे खातात, अस्वले खातात, पाखरे खातात. बांबूच्या उत्पन्नाचा आधार होताच गावाने तेंदूपत्ता तोडणे बंद केले. वनखात्याने एवढी मोठी बंदी वरून घातली असती तर मोर्चे निघाले असते. पाचगावाने ती स्वतःवर घातली, कारण पुढच्या वर्षीचे आणि त्याच्या पुढच्या वर्षीचे रान आपलेच आहे याची त्याला खात्री होती.

मोठमोठ्या परिषदांतून संवर्धन आणि विकास यांच्या समतोलाची चर्चा होते, आणि तिच्यात दोन्ही पारडी मुंबई-दिल्लीच्या हाती असतात. माझे म्हणणे असे की ज्या माणसाचा जीव त्या रानात जाऊ शकतो, त्याचे नाव आधी रानाच्या हक्कपत्रकात यावे आणि मग त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करावी. वनहक्क कायद्याचे पाचवे कलम ग्रामसभेला वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकारही देते आणि ते तिचे कर्तव्यही ठरवते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत त्या कलमाचा खराखुरा उपयोग करून पाहण्याची वेळ आली आहे. सर्वच गावे पाचगाव होतील असे नाही. जेथे बांबू नाही तेथे तेंदू सोडा असे सांगणे क्रूरपणाचे होईल. परंतु हंगामापूर्वी वनरक्षकाने आणि ग्रामसभेने एकत्र बसावे, पिले असलेली वाघीण कोणत्या कक्षात आहे हे कॅमेऱ्यांतील छायाचित्रांवरून आणि गुराख्यांच्या माहितीवरून ठरवावे, ते कक्ष त्या वर्षापुरते ग्रामसभेच्याच ठरावाने बंद करावेत, आणि तेथे जितक्या मानक गोण्या निघाल्या असत्या तितक्यांची मजुरी गावाला द्यावी. गोण्यांचा हिशेब फळीच्या मागील वर्षांच्या वह्यांत तयार आहे, त्यासाठी नवी पाहणी लागत नाही. पैसा ताडोबाच्या प्रवेशद्वारांवर वाघ पाहायला येणाऱ्यांकडून जमा होणाऱ्या निधीतून द्यावा, आणि तो फेब्रुवारीअखेर, मोह गळू लागण्यापूर्वी, ग्रामसभेच्या खात्यात पोहोचावा. मे महिन्यात मंजूर झालेला पैसा पहाटे रानात निघालेल्या बाईला मागे फिरवू शकत नाही.